सेनिओचे बांध: इटलीतली शेवटची चढाई

एप्रिल 1945 उजाडला तेव्हा जर्मनीने युद्ध गमावले आहे, हे कळायला सेनापती असण्याची गरज नव्हती. सोव्हिएत फौजा ओडर नदीपर्यंत पोहोचल्या होत्या. तिथून बर्लिन सत्तरेक किलोमीटर. पश्चिमेकडून ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांनी मार्चमध्येच ऱ्हाइन ओलांडली होती. हिटलर भुयारात शिरला होता. असे असताना उत्तर इटलीत, बोलोन्या शहराच्या पूर्वेला, सेनिओ नावाच्या एका नदीकाठी हजारो सैनिक अजून मातीत खंदक खणून समोरासमोर बसलेले होते. त्यांत सातारा, नगर आणि कोकणातली मुलेही होती.

नदी कसली, ओढाच तो. रुंदी जेमतेम पंधरा फूट, खोली चार ते पाच फूट. पण दोन्ही काठांना पूर अडवण्यासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेले मातीचे बांध होते आणि काही ठिकाणी ते तीस-पस्तीस फूट उंच होते. जर्मनांनी हे बांध पोखरून काढले होते. आत भुयारे, झोपायच्या कोठ्या, मशीनगनची ठाणी, उतारावर सुरुंग. कित्येक ठिकाणी अलीकडच्या बांधाचा बाहेरचा उतार दोस्त फौजांकडे आणि आतला, पाण्याकडचा उतार जर्मनांकडे, अशी स्थिती होती. मध्ये फक्त मातीची भिंत. रात्री एकाने खोकावे आणि दुसऱ्याने त्या आवाजाच्या रोखाने हातबॉम्ब फेकावा. सबंध हिवाळा असा गेला.

या आघाडीवर एवढे अडकून पडायचे कारण भूगोलात होते. दोस्त फौजा सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या टोकाला उतरल्या आणि वर सरकू लागल्या. देशाच्या मधोमध आपेनाइन डोंगरांचा कणा आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या समुद्रांकडे धावणाऱ्या नद्या. एक नदी ओलांडावी तर पुढे दुसरी. 1944 च्या ऑगस्टअखेर ‘गॉथिक लाइन’ ही मोठी जर्मन तटबंदी फोडायला सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये रिमिनी पडले, डिसेंबरात रावेन्ना. मग पाऊस आणि चिखलाने सगळे थांबवले. डोंगरातून येणारी अमेरिकनांची पाचवी आर्मी बोलोन्याच्या इतक्या जवळ येऊन थबकली की समोर पो नदीचे सपाट खोरे दिसत होते, पण उतरता येत नव्हते. तिकडे नॉर्मंडीतल्या ‘डी-डे’नंतर जगाचे लक्ष फ्रान्सकडे गेले होते. इटलीत लढणाऱ्यांना कुणीतरी ‘डी-डे चुकवणारे’ असे हिणवल्याची बोलवा होती आणि ती या सैनिकांना जिव्हारी लागली होती.

तेव्हा प्रश्न असा की, हरलेल्या शत्रूवर आणखी एक मोठी चढाई कशाला? बर्लिन पडले की इटलीतले जर्मन आपोआप शस्त्रे खाली ठेवणारच होते. मग चार आठवडे थांबले असते तर काय बिघडले असते?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याला सरळ उत्तर नव्हते. इटलीतल्या जर्मन ‘आर्मी ग्रुप सी’मध्ये वीसहून जास्त डिव्हिजन होत्या. इंधनाचा खडखडाट इतका की तोफा आणि ट्रक ओढायला बैल जुंपावे लागत. विमाने जवळपास नव्हतीच. पण पायदळ कसलेले होते आणि शिस्त शाबूत होती. ही फौज पो ओलांडून आल्प्सच्या खिंडींत शिरली असती, तर तिथून तिला उपटून काढणे महाकठीण झाले असते. शिवाय मिलान, तुरिन, जेनोआ ही औद्योगिक शहरे, त्यांतले कारखाने आणि वीजकेंद्रे माघार घेणारे जर्मन उडवून देतील, ही भीती होती. पूर्वेकडून टिटोचे युगोस्लाव्ह सैनिक त्रिएस्तेच्या दिशेने येत होते. तेही लंडनच्या डोळ्यांत खुपत होते.

आणि एक गोष्ट पडद्यामागे चालू होती. इटलीतला एसएसचा प्रमुख कार्ल वोल्फ मार्चच्या सुरुवातीलाच स्वित्झर्लंडमध्ये जाऊन अमेरिकन गुप्तचर अधिकारी अ‍ॅलन डलेस यांना भेटला होता. शरणागतीची बोलणी सुरू झाली होती. पण ती बोलणीच राहिली. जर्मन सेनापती केसेलरिंग यांची मार्चमध्ये पश्चिम आघाडीवर बदली झाली, त्यांच्या जागी आलेले फॉन फीटिंगहोफ सही करायला धजेनात. स्टालिनला या भेटींचा सुगावा लागताच त्याने रूझवेल्टवर विश्वासघाताचा आरोप केला. म्हणजे शांततेचा रस्ता कागदावर उघडा होता आणि प्रत्यक्षात कुणी त्यावर पाऊल टाकत नव्हते. हाती फौज असेपर्यंत सेनापती सही करत नाही, हे फीटिंगहोफने दाखवून दिले. ती फौज मोडल्याशिवाय कागद पुढे सरकणार नव्हता.

चढाईची आखणी करणाऱ्यांपुढे एक अवघड गोष्ट होती आणि ती नकाशावर दिसत नव्हती. युद्ध संपत आले आहे हे प्रत्येक सैनिकाला ठाऊक होते. शेवटच्या आठवड्यात मरायची हौस कुणाला? ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचे प्रमुख रिचर्ड मॅक्रीरी यांच्याकडे माणसेही मोजकीच होती. कॅनडाची अख्खी कोअर फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर युरोपकडे हलवली गेली होती. त्यामुळे मॅक्रीरींनी माणसांच्या जागी जमेल तितकी यंत्रे लावली. आग ओकणारे रणगाडे, खंदकावर स्वतःच पूल होऊन बसणारे रणगाडे, पाण्यात आणि चिखलात चालणाऱ्या ‘फॅनटेल’ गाड्या. शत्रूला फसवणेही त्यात आलेच. पोच्या उत्तरेला समुद्रातून सैन्य उतरणार, अशी फीटिंगहोफची समजूत करून देण्यात आली आणि त्याने आपली एक उत्तम मोटारसज्ज डिव्हिजन तिकडे पाठवूनही दिली. मॅक्रीरी फारसे गाजलेले नाव नाही. मॉन्टगोमेरीसारखी प्रसिद्धीची कला त्यांना अवगत नव्हती. पण इटलीतल्या दोन वर्षांत इतकी काटेकोर आणि इतकी काटकसरीची आखणी दुसऱ्या कुणी केली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

सुरुवात एप्रिलच्या पहिल्या तारखेला कोमाक्यो या उथळ खाजणावर झाली. तिथे ब्रिटिश कमांडो उतरले. आठवड्याभराने याच परिसरात अँडर्स लासेन हा डॅनिश अधिकारी मारला गेला. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला राष्ट्रकुलाबाहेरचा तो एकमेव माणूस.

खरा घाव 9 एप्रिलला बसला. दुपारी सेनिओच्या अलीकडचे सैनिक गुपचूप काठापासून काहीशे यार्ड मागे घेतले गेले. आपल्या लोकांच्या हद्दीची खूण म्हणून विमानवेधी तोफांनी आकाशात धुराची एक रेघ ओढली. मग 825 अवजड बॉम्बफेकी विमाने आली. त्यांनी रेघेपलीकडच्या पट्ट्यावर हजारो लहान बॉम्ब सोडले. मोठे बॉम्ब मुद्दाम टाळले होते, कारण मोठ्या खड्ड्यांनी आपल्याच रणगाड्यांचा रस्ता अडला असता. त्यानंतर तोफांची पाळी. तोफा अर्ध्या तासाच्या आसपास धडाडत आणि थांबत. थांबल्या की जर्मन भुयारातून बाहेर येऊन मशीनगनवर बसत, कारण आता पायदळ येणार. पायदळाऐवजी विमाने येत. मग पुन्हा तोफा. संध्याकाळपर्यंत असे पाच वेळा झाले. सातच्या सुमारास विमाने पुन्हा झेपावली, पण या वेळी त्यांनी गोळीच चालवली नाही. जर्मन डोके खाली घालून बसले असताना आग ओकणारे रणगाडे बांधाला भिडले आणि पाठोपाठ पायदळ पाण्यात शिरले.

सगळे बिनचूक घडले नाही. काही बॉम्ब चुकून पोलिश सैनिकांवर पडले आणि हल्ल्याच्या आधीच त्यांच्यातले बरेच जण गेले.

सेनिओवरचा एक मोठा भाग आठव्या भारतीय डिव्हिजनकडे होता. ही डिव्हिजन सप्टेंबर 1943 पासून इटलीत होती. तिचे सेनापती डडली रसेल यांना सगळे ‘पाशा’ म्हणत. तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती, म्हणजे 1768 साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. तिचा मारा सान पोलितो गावाच्या उत्तरेला होता. एका कंपनीने पूर्वेकडचा, म्हणजे अलीकडचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने नदी ओलांडून पलीकडचा बांध घ्यायचा, असे ठरले होते.

या दुसऱ्या कंपनीत नामदेव जाधव नावाचा तेवीस वर्षांचा शिपाई रनर होता. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. रनरचे काम निरोप पोहोचवण्याचे, म्हणून तो कंपनी कमांडरच्या बरोबर होता. ही तुकडी पाण्यातून चालत पलीकडच्या काठावर निघते न निघते तोच तिच्यावर गोळ्यांचा पाऊस सुरू झाला, आणि तो समोरून नव्हे तर पाठीमागून. अलीकडच्याच बांधाच्या आतल्या उतारावर निदान तीन मशीनगन ठाणी बॉम्ब आणि तोफांतून वाचली होती. कमांडर आणि दोघे जखमी झाले. बाकीचे मेले. उभा राहिला एकटा जाधव.

त्याने एका जखमीला उचलले, पाण्यातून परत आणले, सुरुंग पेरलेला तो खडा चढ चढून बांधापलीकडे पोहोचवले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. दोन्ही वेळा उखळी तोफा आणि मशीनगन त्याच्यावर रोखलेल्या होत्या. एवढ्यावर तो थांबला असता तरी कुणी बोट दाखवले नसते. पण तिसऱ्यांदा बांध ओलांडून तो जवळच्या ठाण्यावर धावून गेला आणि टॉमीगनने ते बंद पाडले. हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन त्याने हातबॉम्ब काढले आणि आणखी दोन ठाणी संपवली. मध्ये बॉम्ब संपले म्हणून सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून नवे घेऊन आला. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना देत त्याने मागे अडकलेल्या कंपन्यांना हाताने खुणावून नदीपार बोलावले.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमध्ये फुसिन्यानोजवळ आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो कोहाटकडचा पठाण शिपाई अली हैदर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचा. त्याच्या सेक्शनमधले फक्त तिघे नदीपार पोहोचू शकले होते. त्याने जखमी अवस्थेत दोन मशीनगन ठाणी घेतली. दोघेही जगले. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि दोघांचे देश वेगळे झाले.

आपल्याकडे जाधवांची गोष्ट सांगताना ती एकट्याच्या अचाट शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. 825 विमाने, तासन्‌तास चाललेल्या तोफा, पेटते रणगाडे, इतके करूनही बांधाच्या त्या एका उतारावरची तीन ठाणी शिल्लक राहिली होती. यंत्रांनी पुष्कळ जीव वाचवले यात शंका नाही. तरी जिथे यंत्र पुरले नाही तिथे शेवटी चार फूट पाण्यात माणसालाच उतरावे लागले. हरलेल्या शत्रूची गोळी जिंकणाऱ्या शत्रूच्या गोळीइतकीच खरी असते.

सेनिओनंतर सान्तेर्नो, मग सिल्लारो, मग इदिचे. उजवीकडे फॅनटेल गाड्या पाण्याखाली बुडवलेल्या शेतांतून आत शिरल्या. खाजण आणि रेनो नदी यांच्यामधली अर्जेंताची चिंचोळी वाट 18 एप्रिलच्या सुमारास फुटली आणि तिथे खऱ्या अर्थाने लढाईचा निकाल लागला. फीटिंगहोफने पोपलीकडे माघारीची परवानगी मागितली होती; हिटलरने ती नाकारली. 20 एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवशी, त्याने न विचारता माघारीचा हुकूम दिला. तोवर उशीर झाला होता. पोवरचे पूल विमानांनी केव्हाच पाडले होते. जर्मन पोहून, होड्यांतून, ओंडक्यांवरून पलीकडे गेले. तोफा, गाड्या, रणगाडे दक्षिण काठावरच राहिले.

पश्चिमेकडे अमेरिकनांची चढाई हवामानामुळे लांबून 14 एप्रिलला सुरू झाली. पहिल्याच दिवशी कास्तेल दायानोजवळ बॉब डोल हा तरुण लेफ्टनंट उजव्या खांद्याला जबर जखमी झाला. आठवड्याने, पश्चिम किनाऱ्याकडच्या डोंगरात, जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या रेजिमेंटमधला डॅनियल इनोये उजवा हात गमावून बसला. दोघेही पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले. इनोयेच्या वंशाच्या हजारो अमेरिकनांना तेव्हा त्यांचेच सरकार मायदेशी छावण्यांत कोंडून होते. शेजारी ब्राझीलची डिव्हिजन होती. तिने महिनाअखेर एक अख्खी जर्मन डिव्हिजन शरण आणली. न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकन, गुरखे, ज्यू ब्रिगेड, नव्या इटालियन सैन्याच्या तुकड्या हे सारे एकाच आघाडीवर होते.

यांत सर्वांत विचित्र दैव पोलिश सैनिकांचे. 1940-41 मध्ये स्टालिनने लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारली. ती इराणमार्गे बाहेर पडली आणि तिच्याबरोबर बायका-मुलेही बाहेर पडली. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 राहिले. म्हणजे सेनिओवर मराठा पलटणीच्या डाव्या अंगाला लढणाऱ्या काही पोलिश जवानांचे घरचे पत्ते तेव्हा कोल्हापूरचे होते. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाच्या परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकण्यात आला. यांच्यातल्या कित्येकांची गावे नेमकी तिथली. अँडर्स यांनी आपली कोअर आघाडीवरून काढून घेण्याची मागणी केली, पण त्यांच्या जागी ठेवायला दुसरी फौज नव्हती. ते लढले. 21 एप्रिलच्या सकाळी बोलोन्यात प्रथम शिरले ते पोलिश सैनिकच. लोकांनी त्यांच्यावर फुले उधळली. त्यांना मात्र परतायला घर उरले नव्हते.

25 एप्रिलला उत्तर इटलीतल्या शहरांत उठाव झाला. हा दिवस तिथे आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. जेनोआत जर्मन जनरल माइनहोल्ड याने शरणागतीवर सही केली ती रेमो स्काप्पिनी या कामगारापुढे. दोस्त फौजा अजून पोहोचायच्या होत्या. कारखाने आणि बंदरे वाचली यात उठाववाल्यांचा वाटा मोठा आहे आणि सेनापतींच्या आठवणींत तो नेहमी कमी दाखवला जातो. 27 तारखेला कोमो सरोवराकाठी मुसोलिनी पकडला गेला, 28 ला त्याला गोळ्या घातल्या, 29 ला त्याचे प्रेत मिलानच्या एका चौकात उलटे टांगले होते.

त्याच 29 एप्रिलला नेपल्सजवळच्या काझेर्ता राजवाड्यात दोन जर्मन प्रतिनिधींनी बिनशर्त शरणागतीवर सह्या केल्या. मार्चपासून रेंगाळलेला कागद फौज मोडल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण झाला. शेवटचा गोंधळ तरीही व्हायचाच होता. केसेलरिंगने 30 एप्रिलला फीटिंगहोफला पदावरून काढले. हिटलर मेल्याची बातमी आल्यावर मग केसेलरिंगने मान तुकवली. 2 मे रोजी दुपारी इटलीतले युद्ध थांबले, जर्मनीच्या सर्वंकष शरणागतीच्या आठवडाभर आधी.

या शेवटच्या चढाईत दोस्त फौजांचे सोळा हजारांहून जास्त लोक मारले गेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. थांबले असते तर किती वाचले असते, हे गणित आजही इतिहासकार मांडतात. पण चढाईआधी सही होत नव्हती आणि चढाईनंतर झाली, हे वास्तव त्या गणिताच्या आड येते. ती लांबवणे उत्तर इटलीतल्या लोकांनाही परवडले नसते. त्यांच्यावरचे अत्याचार अखेरच्या दिवसापर्यंत चालू होते. म्हणून ही चढाई अनावश्यक होती, हे म्हणणे पटत नाही. ती विसरली गेली, हे मात्र खरे. बर्लिनच्या धुरळ्यात ती झाकली गेली. भारतात तर स्वातंत्र्याच्या धामधुमीत इंग्रजांच्या फौजेतून लढलेल्यांना घरी नेमके काय सांगावे हेच उमगले नाही.

इटलीच्या सबंध मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक मेले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. त्यांत जाधवांखेरीज दुसरे मराठा म्हणजे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. ते 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. जाधव 1984 पर्यंत जगले. फोर्ली शहरात भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले त्यांची नावे कोरलेले स्मारकही तिथेच आहे.

कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत ‘इटली स्टार’ हे सहा टोकांच्या चांदणीचे पदक पडलेले असेल, तर त्याबरोबरचे कागद जपून ठेवावेत. बटालियनचा आकडा आणि सर्व्हिस नंबर एका वहीत उतरवून घ्यावा. जे परतले नाहीत त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदींत आहेत आणि पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव आणि गावही लिहिलेले आहे. ही नोंद कुणालाही मोफत पाहता येते. आपल्या तालुक्यातले कोण सेनिओपर्यंत गेले होते, ते जरूर शोधून पाहा.